‘तिच्या यादीत माझा पहिला सिनेमाच नाही’

एका वाचकाचं पत्र आलं आहे. वय 39, राहायला कोथरूडला, नोकरी हिंजवडीत. लग्न फेब्रुवारी 2015 मधलं. तेव्हापासून पाहिलेल्या प्रत्येक सिनेमाची नोंद ते एका वहीत ठेवतात: तारीख, कुठे पाहिला, सोबत कोण आणि दहापैकी गुण. लग्नाला दहा वर्षं होऊन गेली, म्हणून नवरा-बायकोने या दहा वर्षांतले आपापले आवडते दहा सिनेमे क्रमाने लिहावेत आणि डिसेंबरात मित्रमंडळींना घरी बोलावून वाचून दाखवावेत, ही कल्पना त्यांचीच. स्वतःच्या यादीवर ते दोन महिने खपले. पहिला ‘कोर्ट’, दुसरा ‘द डिसायपल’, मग ‘पॅरासाइट’, ‘सैराट’, ‘कासव’, ‘तुंबाड’, ‘मसान’, ‘गोदावरी’, ‘किल्ला’ आणि ‘वाळवी’. पत्नीने वाणसामानाच्या यादीमागे दहा मिनिटांत सहाच नावं लिहिली, तीही नंबर न घालता: ‘किल्ला’, ‘व्हेंटिलेटर’, ‘गुलाबजाम’, ‘आनंदी गोपाळ’, ‘कुंबळंगी नाइट्स’, ‘बाईपण भारी देवा’.

ते लिहितात, “लग्नानंतर आम्ही दोघांनी थिएटरात पाहिलेला पहिला सिनेमा ‘कोर्ट’. त्या दिवशी घरी येईपर्यंत मी तिला तो सगळा उलगडून सांगितला होता. तिलाही तो खूप आवडला होता. आणि आज तिच्या यादीत तो कुठेच नाही. मग ही दहा वर्षं आम्ही एकत्र पाहिलं तरी काय? तिला यादी पुन्हा नीट करायला सांगू का? शिवाय माझाही क्रम दर आठवड्याला बदलतो. याची काही पक्की पद्धत असते का?” पत्रासोबत वहीतल्या तीन पानांचे फोटो आहेत.

*

नमस्कार.

तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर छोटं आहे, ते आधी देते. नाही, त्यांना यादी पुन्हा करायला सांगू नका. त्यांनी केली आहे ती पूर्ण आहे.

सहाच नावं आणि नंबर नाहीत, म्हणून तुम्हाला ती अर्धवट वाटते आहे. पण सिनेमांच्या याद्यांमध्ये जिचा सगळ्यात दबदबा आहे, ती ब्रिटनच्या ‘साइट अँड साउंड’ मासिकाची यादी कशी तयार होते ते बघा. 1952 पासून दर दहा वर्षांनी ते समीक्षकांना सर्वोत्तम सिनेमे विचारतात. प्रत्येकाने दहा नावं द्यायची. क्रम लावायचा नाही. दहाही नावांना सारखं एकेक मत मिळतं आणि नंबर पडतात ते सगळ्यांची मतं मोजल्यावर. 2022 मध्ये सोळाशेहून जास्त जणांनी मत दिलं. म्हणजे आयुष्यभर सिनेमे पाहण्याचंच काम केलेल्या माणसांनाही तुमचा चौथा कुठला आणि पाचवा कुठला असं कोणी विचारत नाही. तुमच्या पत्नींनी वाणसामानाच्या यादीमागे जे केलं, ते याच रीतीने केलं आहे.

त्याच यादीचा इतिहास तुमच्या दुसऱ्या काळजीलाही लागू पडतो. 1952 मध्ये ‘बायसिकल थीव्ह्ज’ पहिला होता. 1962 मध्ये ‘सिटिझन केन’ वर आला आणि 2002 पर्यंत तिथेच राहिला. 2012 मध्ये ‘व्हर्टिगो’, 2022 मध्ये शांताल अकरमन यांचा ‘जान डीलमन’. हे सगळे सिनेमे 1975 पर्यंतचे. सिनेमांत काही बदललं नाही, बघणारी माणसं बदलली. तेव्हा तुमचा क्रम आठवड्याला हलतो यात तुमची काही खोट नाही. एखाद्या आठवड्यात तुम्ही वडिलांशी बोलून आलेले असता, एखाद्या आठवड्यात ऑफिसात वाईट दिवस गेलेला असतो. त्या त्या वेळी तो तो सिनेमा वर येणारच.

आता वहीकडे वळते. तुम्ही पाठवलेले फोटो मी मोठे करून पाहिले. पानं सुबक आहेत, रेघा पट्टीने आखलेल्या. पहिल्या पानावर 19 एप्रिल 2015, रविवार, संध्याकाळचा खेळ, ‘कोर्ट’, सोबतच्या रकान्यात ‘दोघं’, गुण 9. दुसऱ्या पानावर जुलै 2023. ‘बाईपण भारी देवा’. सोबतच्या रकान्यात ‘ती, आई, मावशी, वहिनी’. गुणांची जागा कोरी. त्याच्याखाली दोन ओळी सोडून पुन्हा तेच नाव, पुढे ‘मोबाइलवर, दोन हप्त्यांत, मी’, आणि गुण 5.

पत्रात तुम्ही सगळीकडे ‘आमची वही’ म्हणता. वहीत गुणांचा रकाना मात्र एकच आहे. चार बायका तो सिनेमा थिएटरात पाहून आल्या, त्या ओळीत गुणच नाहीत. गुण पडले ते तुम्ही तो पाहिल्यावर.

तुम्हाला दोष द्यायचा म्हणून हे सांगत नाही. हौस तुमची होती, म्हणून नोंदी झाल्या, आणि दहा वर्षं नेमाने झाल्या. फार कमी घरांत इतकं जपून ठेवलेलं असतं. पण तो रकाना पाहिल्यावर तुमच्या पत्रातलं एक वाक्य मला पुन्हा वाचावं लागलं. “तिलाही तो खूप आवडला होता.” हे तुम्हाला कसं कळलं? तुम्हीच लिहिलं आहे की घरी येईपर्यंत तुम्ही त्यांना सिनेमा उलगडून सांगत होता. लग्नाला जेमतेम दोन महिने झालेले. नवरा जीव तोडून एखाद्या गोष्टीबद्दल बोलतो आहे, त्याचे डोळे चमकताहेत. अशा वेळी नवी नवरी ‘हो, छान होता’ म्हणणार, दुसरं काय म्हणणार? कदाचित त्यांना तो खरंच आवडला असेल. आवडला असेल आणि तरीही दहा वर्षांनी पहिल्या सहात बसला नसेल. किंवा तेव्हा कंटाळा आला असेल आणि बोलायचा संकोच वाटला असेल. तिन्ही गोष्टी शक्य आहेत. यातली कुठली खरी हे तुम्हाला माहीत नाही आणि मलाही नाही. म्हणजे आज त्यांच्या यादीने तुमच्याकडून काही हिरावून घेतलेलं नाही. जे कधी विचारलंच गेलं नव्हतं, ते पहिल्यांदा कागदावर आलं आहे.

‘कोर्ट’ मलाही फार मोलाचा वाटतो. एका कामगाराचा मॅनहोलमध्ये मृत्यू होतो, शाहीर नारायण कांबळेंच्या गाण्यामुळे त्याने आत्महत्या केली असा आरोप ठेवला जातो, आणि खटला तारखांमागून तारखा घेत सरकत राहतो. पण दिग्दर्शक चैतन्य ताम्हाणे यांनी त्या सिनेमात आणखी एक काम केलं आहे. कोर्ट सुटल्यावर कॅमेरा माणसांच्या मागे त्यांच्या घरी जातो. गीतांजली कुलकर्णी यांनी केलेली सरकारी वकील आठवा. कोर्टात कलमं वाचून दाखवणारी ती बाई लोकलमध्ये शेजारणीशी घरगुती गप्पा मारते, मुलाला घेऊन घरी येते आणि स्वयंपाकाला लागते. तुम्ही त्या संध्याकाळी बहुतेक शाहिराचा आणि न्यायव्यवस्थेचा सिनेमा समजावून सांगितला असणार. तुमच्या पत्नींनी कदाचित त्या वकीलबाईंचा पाहिला असेल. एकाच अंधारात शेजारी शेजारी बसून दोन माणसं दोन सिनेमे पाहतात, त्यात बिघडत काही नाही. पण दुसऱ्याने कुठला पाहिला हे एकदा तरी विचारायला हवं.

आता दोन याद्या शेजारी ठेवू या. तुमच्या वरच्या पाच नावांकडे बघा. ‘कोर्ट’ला आणि ‘कासव’ला राष्ट्रीय पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं सुवर्णकमळ मिळालं. ‘द डिसायपल’ला 2020 मध्ये व्हेनिसच्या चित्रपट महोत्सवात पटकथेचा पुरस्कार मिळाला. ‘पॅरासाइट’ला आधी कान महोत्सवाचा सर्वोच्च पुरस्कार पाम द’ऑर, मग ऑस्कर. ‘सैराट’ने मराठी सिनेमाच्या धंद्याचं गणितच बदललं आणि रिंकू राजगुरूला राष्ट्रीय पुरस्कारात विशेष उल्लेख मिळवून दिला. ही नावं तुम्ही पुरस्कार पाहून लिहिलीत असं मी म्हणत नाही. पण तुम्ही जो प्रश्न मनात धरून यादी केलीत, तो ‘या दहा वर्षांत उत्तम सिनेमे कुठले झाले’ हा आहे. चांगला प्रश्न आहे, आणि तुमचं उत्तरही जाणत्या माणसाचं आहे. तुमच्या पत्नींनी दुसऱ्याच प्रश्नाचं उत्तर दिलं आहे: या दहा वर्षांतलं माझ्याजवळ काय राहिलं? तुम्ही त्यांना सांगितलंत ‘आवडते’ सिनेमे लिही. मग शब्दाला धरून पाहिलं तर प्रश्नाचं उत्तर त्यांनीच दिलं.

त्यांच्या यादीत क्रम नाही, पण धागा आहे. ‘किल्ला’त नवरा गेल्यावर बदलीच्या गावी मुलाला वाढवणारी आई. ‘व्हेंटिलेटर’मध्ये गणपतीच्या तोंडावर घरातलं वडीलधारं माणूस इस्पितळात आणि भोवती जमलेला सगळा गोतावळा. ‘गुलाबजाम’मध्ये इथेच पुण्यात डबे करणारी राधा आणि लंडनची नोकरी सोडून तिच्याकडे स्वयंपाक शिकायला आलेला मुलगा. ‘आनंदी गोपाळ’मध्ये नवऱ्याच्या हट्टाने शिकायला बसलेली मुलगी, जिचं पुढे ते शिक्षण स्वतःचं होतं. ‘कुंबळंगी नाइट्स’मध्ये कोचीजवळच्या एका मोडक्या घरातले चार भाऊ. ‘बाईपण’मध्ये सहा बहिणी. सहाही सिनेमे घराचे आहेत: घर कोण चालवतं, कोण त्यात गुदमरतं, कोण ते सोडतं आणि कोण पुन्हा बांधतं. तुमच्या यादीत एकटा माणूस जास्त दिसतो. त्याच्यासमोर कायदा असतो, कला असते, जात असते, हाव असते. दोन्हीकडे विचारच आहे. कोणाच्या आवडीत वजन कमी आहे असं मला यात कुठेही दिसत नाही.

आणि ‘किल्ला’ दोन्ही याद्यांत आहे, हे तुमच्या पत्रात कुठेच नोंदलेलं नाही. तुम्ही तो नवव्या नंबरावर ठेवलात, त्यांनी सगळ्यात आधी लिहिला. पत्राच्या शेवटी तुम्ही ओघात लिहून गेलात की त्यांच्या आई बँकेत होत्या आणि बदल्यांमुळे त्यांच्या चार शाळा झाल्या. मी त्यावरून काही निष्कर्ष काढणार नाही, तो माझा अधिकार नाही. पण बोलायला सुरुवात कुठून करायची असं तुम्ही मला विचाराल, तर मी म्हणेन, ‘कोर्ट’ का नाही यापेक्षा ‘किल्ला’ आधी का, इथून करा. पहिल्या प्रश्नाला त्यांना उत्तर द्यावं लागेल, दुसऱ्याला त्या आपणहून बोलतील.

‘बाईपण भारी देवा’बद्दल थोडं थांबून बोलायला हवं, कारण तो तुम्हाला सगळ्यात जास्त खुपला आहे हे ओळींमधून कळतं. मलाही त्या सिनेमात काही जागा ढोबळ वाटतात, काही ठिकाणी प्रेक्षकांच्या भावना ओढून घेतल्यासारख्या वाटतात. हे मी तुमच्या पत्नींसमोरही म्हणेन आणि त्यांनी माझ्याशी त्यावर वाद घालावा अशी माझी इच्छा असेल. पण 2023 च्या पावसाळ्यात बायका घोळक्याने, साड्या नेसून तो पाहायला जात होत्या. सासू-सुना, जावा-नणंदा, वर्षानुवर्षं थिएटरात पाय न ठेवलेल्या मावश्या. अख्खं थिएटर एका दमात हसत होतं, रडत होतं. त्या गर्दीत तुमच्या पत्नी, तुमची आई, मावशी आणि वहिनी होत्या. त्या दिवशी तिथे काय झालं, येताना कोण काय बोललं, तुमच्या आईंनी कुठला प्रसंग पुन्हा सांगितला, हे तुमच्या वहीत नाही. मोबाइलवर दोन हप्त्यांत एकट्याने पाहिलेल्या सिनेमाला 5 गुण देण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. फक्त ते गुण त्या चौघींनी पाहिलेल्या सिनेमाचे नाहीत.

याचा अर्थ सगळ्यांची आवड सारखीच, कुठल्याच सिनेमाला चांगलं-वाईट म्हणू नये, असा घेऊ नका. मी त्या मताची नाही. हे शहर सिनेमावर वाद घालणाऱ्यांचं आहे. प्रभात स्टुडिओच्या जागेत 1960 मध्ये फिल्म इन्स्टिट्यूट आली, 1964 मध्ये चित्रपट संग्रहालय आलं, तिथल्या पी. के. नायरांनी डबा डबा करून जुने सिनेमे गोळा केले. दर वर्षी पिफला, म्हणजे पुण्याच्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाला, एकाच खेळातून बाहेर पडलेली दोन माणसं तावातावाने उलट मतं मांडताना दिसतात आणि पुढच्या खेळाला पुन्हा शेजारी बसतात. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांनी याच गावात राहून ‘कासव’, ‘अस्तु’सारखे सिनेमे केले. त्यांच्या कुठल्याही खेळानंतरच्या चर्चेत प्रेक्षक हटकून नडायचे आणि ते दोघं मनापासून उत्तरं द्यायचे. सिनेमा कसा रचला आहे, तो खरं बोलतो का, त्याने सोपी वाट धरली का, यावर घरातही जरूर भांडावं. पण ते भांडण एका सिनेमावर, तो पाहून झाल्यावर करायचं असतं. कोणी ‘माझ्या आवडीचे हे सहा’ म्हणून कागद पुढे केला की तिथे वाद घालायला जागा नसते. तिथे फक्त विचारायचं असतं.

मग आता काय करायचं?

स्वतःची यादी त्यांच्या यादीसारखी करून टाकायची, ‘कोर्ट’ खाली ढकलून ‘व्हेंटिलेटर’ वर आणायचा, हा मोह होईल. तसं करू नका. त्यांना ते लगेच कळेल, आणि तुमची ‘द डिसायपल’बद्दलची जी तळमळ आहे ती खरी आहे. गायकीत आयुष्य घालवूनही आपण थोर होणार नाही हे हळूहळू उमजत जाणारा शरद तुम्हाला इतका का लागला, हे तुम्ही त्यांना कधी सांगितलं आहे का? सिनेमा समजावून सांगितला असेल. तो तुम्हाला का लागला, हे सांगणं वेगळं.

दोन्ही याद्यांची बेरीज करून एक ‘आमची’ यादी काढणं हाही मार्ग दिसतो. तोही मी सुचवणार नाही. पहिल्याला दहा गुण, दुसऱ्याला नऊ, अशी बेरीज केली की बऱ्याचदा दोघांचाही फारसा लाडका नसलेला, पण दोघांना चालणारा सिनेमा वर येतो. मित्रांच्या मोठ्या ग्रुपमध्ये ते चालून जातं. दोघांच्या संसारात अशा सरासरीने कोणाचंच काही कळत नाही.

दोन याद्या आहेत तशा शेजारी राहू द्या, दहाची आणि सहाची. डिसेंबरात वाचून दाखवायच्या की नाही हे आधी त्यांना विचारा. ही कल्पना तुमची होती, त्यांनी मोडता घातला नाही एवढंच तुम्ही लिहिलं आहे. त्या ‘नको’ म्हणाल्या तर मित्रांना नुसतं जेवायला बोलवा. ‘हो’ म्हणाल्या तर एक करा: त्यांची यादी त्यांनाच वाचू द्या, तुम्ही मधे खुलासा करू नका. आणि तुमची यादी वाचताना पहिल्यापासून दहाव्यापर्यंत सगळे नंबर म्हणायची गरज नाही. वरचे तीन सांगा, बाकीचे सात एकत्र सांगा.

यावरून तुमच्या पद्धतीच्या प्रश्नाकडे येते. वर्ष सरत आलं की अशा याद्या घरोघरी आणि ग्रुपवर फिरू लागतात, तेव्हा इतरांनाही याचा उपयोग होईल.

आधी दशक कुठलं ते ठरवा. ‘कोर्ट’ व्हेनिसला 2014 मध्ये दाखवला गेला, आपल्याकडे लागला एप्रिल 2015 मध्ये. ‘गोदावरी’ 2021 मध्ये गोव्याच्या महोत्सवात होता, थिएटरात आला नोव्हेंबर 2022 मध्ये. ‘अस्तु’ 2013 चा, थिएटरात 2016 मध्ये. निर्मितीचं वर्ष धरायचं की प्रदर्शनाचं, यावर रात्र जाते. समीक्षकाला एक काहीतरी नियम करावाच लागतो. पण तुमचं दशक संसाराचं आहे, म्हणून तुमच्यासाठी पाहिल्याची तारीख खरी. त्या हिशेबाने या दहा वर्षांत पहिल्यांदाच पाहिलेला जुना सिनेमाही बसतो. 1936 चा ‘संत तुकाराम’ कोणी 2019 मध्ये पहिल्यांदा पडद्यावर पाहिला आणि तो मनात घर करून बसला, तर तो त्याच्या दशकातला आहे.

मग वही मिटून ठेवा. मनात येतील ती नावं कागदावर उतरवा, तुमच्या पत्नींनी केलं तसं, भराभर. त्यानंतर वही उघडा आणि काय सुटलं ते पाहा. ज्याला 9 गुण दिले होते आणि नाव आठवलंच नाही, त्याच्यापुढे खूण करा. ज्याला 6 दिले होते आणि तरी पहिल्या पाचात आठवला, त्याच्यापुढेही. तुमच्या खऱ्या आवडीचा पत्ता या दोन खुणांत जितका लागेल तितका गुणांच्या बेरजेत लागणार नाही. कारण ते गुण एका माणसाने एका बैठकीत दिलेले नाहीत. एप्रिल 2015 मधले 9 हे 29 वर्षांच्या नव्या नवरदेवाने दिलेत. 2022 मधले 7 दिवसभराच्या मीटिंगा उरकून आलेल्या माणसाने दिलेत.

क्रम लावायचाच असेल तर दोन-दोन नावं समोरासमोर ठेवा आणि फक्त एवढंच विचारा: यातला एकच पुन्हा पाहायला मिळणार असेल तर कुठला? असं करताना एक चक्र हमखास येतं. ‘सैराट’ ‘तुंबाड’च्या वर, ‘तुंबाड’ ‘मसान’च्या वर, आणि ‘मसान’ मात्र ‘सैराट’च्या वर. इथेच बहुतेक लोक वैतागतात आणि आपल्याला आपलंच कळत नाही असं ठरवून टाकतात. पुष्कळ माणसांची मतं एकत्र केली की असं चक्र होऊ शकतं, हे कोंदोर्से नावाच्या फ्रेंच विद्वानाने 1785 मध्येच दाखवून दिलं होतं. एका माणसाच्या मनातही ते होतं, कारण प्रत्येक जोडी आपण वेगळ्या कारणाने तोलतो. पहिल्या जोडीत गाणी जिंकतात, दुसरीत पावसातल्या वाड्याची ती भीती, तिसरीत बनारसच्या घाटावरचं दुःख. चक्र आलं की ती तिन्ही नावं एका पायरीवर ठेवा आणि पुढे जा. ते सोडवत बसू नका.

गेल्या सहा महिन्यांत पाहिलेले सिनेमे सध्या बाजूला ठेवा, ते अजून ताजे आहेत. आणि ज्या एक-दोन नावांपाशी तुम्ही अडता ती पुन्हा पाहा, शक्यतो पहिल्यांदा ज्याच्यासोबत पाहिली त्याच्यासोबतच. लॉकडाउनमध्ये मोबाइलवर पाहिलेल्या सिनेमांना तर ही एक संधी द्यायलाच हवी. तेव्हा आपण सगळेच घाबरलेल्या मनाने पाहत होतो. त्यातले काही सिनेमे उगाच मोठे वाटले आणि काहींकडे धड लक्षच गेलं नाही.

मोठ्या ग्रुपमध्ये मतं मोजायची असतील तर प्रत्येकाकडून क्रम न लावता पाचच नावं घ्या आणि ती मोजा. भांडणं कमी होतात. निकालानंतर ज्या नावाला एकच मत पडलं आहे, त्याच्याबद्दल मत देणाऱ्याला पाच मिनिटं बोलायला सांगा. पहिल्या नंबराबद्दल सगळ्यांना आधीच माहीत असतं. पुढच्या आठवड्यात काय पाहायचं हे त्या एकट्या मताच्या सिनेमांतून मिळतं.

तुमच्या घरासाठी मात्र मी एवढंच सुचवेन. वहीत या पानापासून एक रकाना वाढवा. त्यात गुण द्यायचे, एखादी ओळ लिहायची की काहीच लिहायचं नाही, हे त्यांनी ठरवायचं. मागची पानं भरून मागू नका, त्या आपणहून भरतील तर भरतील. आणि फोटोतल्या तिसऱ्या पानावर ‘कुंबळंगी नाइट्स’ची नोंद तुमच्याच अक्षरात अशी आहे: ‘मे 2020, दोघं, मी अर्ध्यात झोपलो’, गुण नाहीत. त्यांनी तो शेवटपर्यंत एकट्यानेच पाहिला आणि पाच वर्षांनी सहा नावांत लिहिला. येत्या शनिवारी रात्री मुलं झोपली की तो दोघांनी लावा, सबटायटल वाचता येतील अशा मोठ्या पडद्यावर, सलग. संपल्यावर आधी त्यांना बोलू द्या. तुमचे गुण रविवारी लिहा.